फाटक लावून राहिलो होतो

मी लिहावं, असं मला स्वतःला वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. घरात पुस्तकं म्हणजे माझी शाळेचीच, आणि तीही वर्ष संपलं की गावातल्या दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलेली. लिहिणारे लोक वेगळे असतात असं मी मानत आलो, अजूनही मानतो. शिवाय मी याआधी एकदा लिहून पाहिलेलं आहे. एकच लेख, चार पानांचा, कॉलेजच्या वार्षिकांकात. त्यातल्या एका वाक्यामुळे एक म्हातारा माणूस आयुष्यभर जे सांगत आला ते खोटं ठरलं. ते वाक्य दुरुस्त करायला मला दुसरी जागा सापडली नाही म्हणून हे लिहितो आहे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. या वेळी मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचतो आहे.

माझं गाव मूर्तिजापूर आणि दर्यापूरच्या मध्ये आहे. काळी जमीन, पावसाळ्यात पाय रुतेल अशी. गावाच्या कडेनं शकुंतलेची, म्हणजे आमच्या नॅरोगेज गाडीची, छोटी लाइन जाते. जाते म्हणजे रूळ आहेत. गाडी मी शाळेत असतानाच बंद झाली. रुळांच्या मधून आता बाभळी आल्या आहेत, आणि दर निवडणुकीला मोठी लाइन होणार असं ऐकू येतं.

मूर्तिजापूरच्या स्टेशनात मी लहानपणी आईसोबत जायचो. आमच्या विहिरीवर थोडा भाजीपाला असायचा, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. आई टोपलं घेऊन शकुंतलेनं मूर्तिजापूरच्या बाजाराला जायची. तिथं मोठ्या लाइनवरून मुंबईच्या, हावड्याच्या बाजूच्या गाड्या धडधडत निघून जायच्या. त्यांच्या डब्यांवर नावाच्या पाट्या असायच्या. मी जमेल तेवढी अक्षरं वाचायचो आणि आईला सांगायचो. आमची गाडी स्टेशनच्या एका अंगाला उभी असायची. तिच्यावर शकुंतला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकदा मी तिला पूर्ण फेरी मारून नाव शोधलं. आई म्हणाली, सगळ्यांना ठाऊक आहे, मग लिहायचं कशाला.

या लाइनची एक गोष्ट मी कॉलेजात सांगितली तेव्हा वर्गातल्या कुणाला खरी वाटली नाही. गावाच्या रस्त्यावर लाइन ओलांडायला फाटक होतं, पण फाटकावर माणूस नसायचा. माणूस गाडीसोबत यायचा. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची. तो खाली उतरायचा, चालत पुढे जायचा, रस्त्याच्या एका बाजूचा पल्ला ओढून लावायचा, मग रूळ ओलांडून दुसऱ्या बाजूचा. दोन्ही लागले की हिरवी झेंडी दाखवायचा. गाडी फाटक ओलांडून पुढे जायची आणि परत थांबायची. तो दोन्ही पल्ले उघडायचा, थांबलेल्या बैलबंड्या आणि सायकली जाऊ द्यायचा, आणि चालत जाऊन डब्यात चढायचा. मग गाडी पुढच्या फाटकाकडे निघायची. शेजारच्या गावचे लोक आम्हाला चिडवायचे की तुमच्या गाडीपेक्षा तिचा फाटकवाला जास्त चालतो.

आमच्या गावातले एक आबा असेच गाडीसोबत फिरणारे फाटकवाले होते. रिटायर होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली होती. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते, पण आमच्या घराच्या मागेच त्यांचं घर, आणि बाबांचं त्यांच्याकडे रोजचं येणं-जाणं. गावात त्यांना फाटकवाले आबा म्हणत. बसताना ते दाराच्या बाहेर ओट्यावर बसत आणि रस्त्यानं ढोरं आली की हात आडवा करत. त्या सवयीला गावातली पोरं हसायची. मीही हसलो आहे.

मी अमरावतीला बी.ए.ला आलो तेव्हा पहिलं वर्ष जवळजवळ न बोलता काढलं. वर्गात तोंड उघडलं की ‘मले’, ‘तुले’ बाहेर पडायचं. अमरावतीतली मुलंही तसंच बोलतात, पण ती कॅन्टीनमध्ये. वर्गात त्यांची भाषा बदलायची, माझी बदलायची नाही. म्हणून मी हजेरीला ‘येस सर’ म्हणायचो आणि दिवसाचं बोलणं तिथंच संपायचं.

आमचे मराठीचे सर साताऱ्याकडचे. फार चांगले. दुसऱ्या वर्षी त्यांनी वार्षिकांकासाठी आपापल्या भागाच्या इतिहासावर लिहायला सांगितलं. मुलांनी किल्ले घेतले, मंदिरं घेतली. माझ्यापाशी येऊन त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “शकुंतलेच्या लाइनवरचं गाव? आणि तू गप्प बसलायस?” माझं गाव कुणाला तरी काहीतरी वाटलं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी शनिवारच्या एसटीनं घरी गेलो.

आबा ओट्यावरच होते. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्या पुढे ठेवलं. त्यांनी मोबाइल उलटा करून पाहिला.

“काहून बे, मोबाइलात काहून भरून राहिला? तुले ध्यानात नाई राहत काय?”

मी म्हणालो, लिहायचं आहे, कॉलेजच्या पुस्तकात छापून येणार आहे.

“माह्यं?”

“तुमचंच, आबा.”

मग ते आत गेले आणि टोपी घालून आले. फोटो काढायचा नव्हता, तरीही.

ते दोन तास बोलले. वाफेचं इंजिन असताना पाणी भरायला किती वेळ जायचा, डिझेलचं आल्यावर लोकांना ते इंजिन कसं मुकं वाटायचं, गार्डच कसा तिकिटं द्यायचा. लाइन विलायतेच्या कंपनीनं कापूस न्यायला टाकली, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. ही लाइन अजून विलायतेचीच आहे असं लोक म्हणायचे. ती खरंच कुणाची, हे आबांना माहीत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. शकुंतला हे नाव कुणी ठेवलं, हे मी सरांनी सांगितल्याप्रमाणे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “नाव इचारून गाडीत बसते काय कोनी?” ते रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि त्यामागे माझं हसणंही आहे.

मग ते थांबले. म्हणाले, आता सांगतो ते लिहून घे, बाकीचं विसरलास तरी चालेल.

ती गोष्ट मला ठाऊक होती. गावात सगळ्यांनाच ठाऊक होती, फक्त दोन वेगवेगळ्या प्रकारे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, वाफेचं इंजिन होतं तेव्हा, आमच्याच गावच्या फाटकावर गाडी थांबली होती आणि आबा फाटक लावायला उतरले होते. एक पल्ला त्यांनी लावला. दुसरा लावत असताना त्या बाजूनं गावातल्याच एका शेतकऱ्याची बंडी आली. बैल नवे होते, त्यांनी इंजिन जवळून पाहिलेलं नव्हतं. इंजिनानं वाफ सोडली तसे ते बिचकले, आणि अर्ध्या उघड्या पल्ल्यातून बंडी घेऊन आत घुसले. एका बैलाचा पाय रुळाच्या फटीत गेला आणि मोडला. गाडी तिकडे उभीच होती. माणसांना काही झालं नाही. पण तो बैल गेला.

बैलाच्या मालकानं सांगितलं की फाटक लावलंच नव्हतं, पूर्ण उघडं होतं, म्हणून बंडी आत गेली. आबांनी सांगितलं की मी ते लावतच होतो. चौकशी झाली, साहेबांनी आबांचं म्हणणं धरलं, नोकरीला काही झालं नाही. पण गावाची चौकशी वेगळी असते. अर्धं गाव मालकाचं, अर्धं आबांचं. मालक वारले, पण त्यांच्या मुलानं बोलणं बंद ठेवलं ते ठेवलंच. दोन्ही घरं एकाच गल्लीत. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे सजवलेले बैल घरोघरी पूजेला नेतात. त्या घरची जोडी सगळ्या दारांना जायची आणि आबांचं दार आलं की पुढे निघायची. मी लहानपणापासून हे पाहिलं होतं. आबा त्या दिवशी हातात कुंकवाचं ताट घेऊन बसलेले असत. इतरांच्या बैलांची पूजा व्हायची, ही जोडी तशीच पुढे जायची, आणि आबा ताटाकडे पाहत राहायचे.

रेकॉर्डिंगमध्ये त्यांचं वाक्य असं आहे. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की श्वास कुठे घेतला तेही मला पाठ आहे.

“एक पल्ला लागला होता. दुसरा माह्या हातात होता. मी फाटक लावून राहिलो होतो.”

आमच्याकडे ‘लावून राहिलो’ म्हणजे लावत होतो. काम चालू होतं. हे आमच्या भागात पाच वर्षांच्या पोराला कळतं.

मी लेख लिहिला. आबांचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. सरांनी वाचला आणि वर्गात वाखाणला. माझं नाव घेऊन वाखाणला. नंतर स्टाफरूममध्ये बोलावून म्हणाले, लेख उत्तम आहे, पण अंक सगळीकडे जातो, बाहेरच्या वाचकाला कळलं पाहिजे, संवाद प्रमाण मराठीत करून आण. मी वाचनालयात बसून ते केलं. जिथं जिथं ‘ले’ दिसला तिथं तिथं ‘ला’ केला. ‘मले’चं ‘मला’, ‘त्याले’चं ‘त्याला’. सगळं एका झपाट्यात केलं. सरांनी पाहिलं तेव्हा त्यात ‘गार्ड गाडीतून खाला उतरला’ असं होतं. आम्ही ‘खाली’ला ‘खाले’ म्हणतो, आणि मी त्याच्यातलाही ‘ले’ काढला होता. सर मोठ्यानं हसले. शेजारचे दोन सरही हसले. कुणाच्याही हसण्यात वाईट काही नव्हतं. सरांनी पाठीवर हातही ठेवला. पण तिथं माझा हात थांबला. मी म्हणालो, सर, बाकीचं तुम्हीच पाहा.

दोन आठवड्यांनी प्रूफ आलं. माझं नाव छापील अक्षरांत मी आधी तीनचारदा वाचलं. मग लेख. तिसऱ्या पानावर आबांचं वाक्य असं होतं: ‘एक पल्ला लागला होता. दुसरा माझ्या हातात होता. माझे फाटक लावायचे राहिले होते.’

‘लावायचे राहिले’ म्हणजे लावलं नाही, राहून गेलं. बैलाचा मालक जे आयुष्यभर म्हणत होता, तेच. आणि आता ते आबांच्या तोंडून.

इथं मी स्वतःला वाचवू नये. पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, शुद्ध भाषेत असंच म्हणत असतील. सरांना माहीत असणार. ‘खाला’ लिहिणाऱ्या मुलानं सरांची चूक काढायची म्हणजे काय. हे मला खरंच वाटलं, बहाणा म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी तसं वाटेनासं झालं. हातात पल्ला आहे असं आदल्या वाक्यात आहे, मग राहून कसं जाईल. मी प्रूफ घेऊन स्टाफरूमच्या दाराशी गेलो. आत चहा चालला होता. सरांनी मला पाहिलं आणि तिथूनच विचारलं, “काय रे, सगळं ठीक?”

मी म्हणालो, “हो सर.”

एवढंच. कुणी मला अडवलं नव्हतं. सर तर उठून दाराशीही आले असते. हो सर म्हणून मी प्रूफ त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि होस्टेलवर आलो. सरांचा दोष नाही. त्यांना आमचं ‘राहिलो’ माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

अंक पावसाळ्यात निघाला. मला दोन प्रती मिळाल्या. एक मी गावच्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती बाबांना पाठवली. बाबा चौथी शिकलेले, बोट ठेवून वाचतात. त्यांनी लेख दोन दिवसांत वाचला, आणि मग अंक घेऊन आबांकडे गेले. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांची नात आठवीत आहे, तिनं वाचून दाखवला. बाबांनी मला फोनवर हे सगळं आनंदानं सांगितलं. आबांनी काय म्हटलं, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, एक जागा पुन्हा वाचायला लावली, मग म्हणाले, चांगलं लिवलं पोट्ट्यानं. कोणती जागा, ते मी विचारलं नाही. बाबांना त्या वाक्यात काही खटकलं की नाही, तेही विचारलं नाही. छापलेलं वाचताना बाबा अक्षरांकडे पाहतात, अर्थाकडे नंतर.

चार दिवसांनी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पानाचा फोटो आला. त्या वाक्याखाली निळ्या पेननं रेघ मारली होती. खाली बैलाच्या मालकाच्या मुलानं लिहिलं होतं, “आता त छापूनच आलं.” थोड्या वेळानं कुणीतरी शुभ सकाळ म्हणून गुलाबाची फुलं पाठवली.

त्या दिवशी मी सरांकडे गेलो. रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांना दोन वाक्यांतला फरक समजावून सांगितला. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “अरे, मग प्रूफ पाहिलंस तेव्हा बोलला का नाहीस?” त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी मोबाइल खिशात ठेवला. त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर बसून एक पानाचं शुद्धिपत्र टाइप केलं. मूळ वाक्य काय होतं, वऱ्हाडीत त्याचा अर्थ काय, चूक संपादकाची आहे, लेखकाची नाही. खाली सही केली, शिक्का मारला. पुढच्या अंकात छापू, तोवर हे गावी घेऊन जा, आणि त्या गृहस्थांची माझ्यातर्फे माफी माग, असं म्हणाले. ‘लेखकाची नाही’ हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गाव दोन तासांवर आहे. रविवारी सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. पोळा तोंडावर होता, पोळ्याला तर घरचे बोलावतच होते. मी चाचणी आहे असं सांगितलं. चाचणी होती, पण पोळ्यानंतर. मला ओट्यावर बसलेले आबा आणि त्यांच्या हातातलं ताट दिसत होतं, आणि शुद्धिपत्र घेऊन मी त्यांच्यासमोर नेमकं काय म्हणणार ते सुचत नव्हतं. गणपतीत गेलो नाही. मग परीक्षा आली. दोन महिने ते पान माझ्या बॅगेत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होतं. बाबांना फोन केला की मी आबा कसे आहेत विचारायचो. बाबा म्हणायचे, “बरे हायेत. तू अभ्यास कर.” ग्रुपवरही नंतर काही आलं नाही. मला वाटलं, गाव विसरलं असेल. गाव विसरत नाही हे मला माहीत असूनही वाटलं.

परीक्षा दिवाळीच्या आधी संपली. शेवटचा पेपर देऊन मी होस्टेलवर आलो, बॅग भरली, फोल्डर सर्वांत वर ठेवलं, आणि बाबांना फोन लावला की उद्या येतो.

“पेपर झाला काय?”

“झाला.”

“सगळे झाले?”

“सगळे झाले, बाबा.”

मग ते म्हणाले, “आबा गेले. आज धा दिवस झाले.”

ताप आला होता, चारच दिवस होते, असं त्यांनी सांगितलं. तुझे पेपर चालू होते म्हणून कळवलं नाही. आईनंही सांगू दिलं नाही. ते बोलत राहिले. बाबा फोनवर इतकं कधी बोलत नाहीत. ते पोळ्यापासून साठवून ठेवलेलं सगळं सांगत होते.

पोळ्याच्या चार दिवस आधी बैलाच्या मालकाचा मुलगा अंक घेऊन आबांच्या ओट्यावर आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबा तिथंच बसलेले. तो भांडायला आला असेल असं बाबांना वाटलं. पण तो उभ्या उभ्याच म्हणाला, “आबा, मले फक्त एवढं सांगा. हे लिवलं ते खरं हाये काय?”

बाबा म्हणाले, मला वाटलं आता हे सगळं पहिल्यापासून सांगतील, एक पल्ला, दुसरा पल्ला. पण आबा म्हणाले, “हो. लावाचं राहिलं होतं.”

तो माणूस मग खाली बसला. बाबा म्हणाले, त्याच्या अंगातली हवाच गेल्यासारखी झाली. त्यानं पाणी मागितलं, चहा घेतला. माझ्या बापाला तुम्ही खोटं ठरवलं होतं, एवढंच बोलला, आणि तेही हळू. पोळ्याला त्याची जोडी आबांच्या दारी आली. नातीनं ताट धरलं, आबांनी बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं. आबांना खांदा द्यायला तो पुढे होता.

बाबा मला हे चांगली बातमी सांगावी तसं सांगत होते. आणि ती चांगली होतीही, मी काय म्हणू. पण मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, तो माणूस गेल्यावर मी आबांना विचारलं. बाबांना तो लेख तेव्हा नीट कळला होता. त्यांनी विचारलं, तुमी त फाटक लावून राहिले होते, मंग हो काहून म्हनलं?

मी विचारलं, आबा काय म्हणाले.

बाबा म्हणाले, हे तुले सांगू नोको असं त्यांनी बजावलं होतं. आता ते गेले म्हणून सांगतो. ते म्हणाले,

“पोट्टं पयल्यांदा छापून आलं. मी नाई म्हनलो असतो, त त्याले पुन्हा कोन लिवू देईन?”